बदल कोणी केला, कधी केला, कितीला पडला?



आपलं डोणगाव ज्या मेहकर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. या रस्त्याचा नागपूर ते शेलूबाजार हा २१० किलोमीटरचा टप्पा २ मे २०२२ रोजी सुरू व्हायचा होता. त्याच्या थोडंच आधी नागपूरजवळच्या वन्यजीव उन्नत मार्गाच्या कमानीची हानी झाली. तज्ज्ञांनी कमान सोडून सुपरस्ट्रक्चर पद्धत सुचवली आणि उद्घाटन लांबणीवर पडलं. अखेर ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटरचा रस्ता एकदमच खुला झाला. एका पुलाचं डिझाइन बदललं की त्याचा धक्का कुठवर जातो, हे आपल्या भागाने असं जवळून पाहिलं.

बांधकामात बदल होणारच. खोदल्यावर मुरुमाऐवजी काळी माती लागते, मालकाला ऐनवेळी आणखी एक खोली हवी असते, खात्याचे निकष बदलतात. त्यात कोणाचा गुन्हा नाही. घोळ पुढे होतो. आर्किटेक्ट संडासाची जागा चार फूट सरकवतो, नवा नकाशा ऑफिसात येतो. साइटवरच्या शेडमध्ये मात्र खिळ्याला जुनाच टांगलेला असतो. सळई कापणारा त्यावरूनच सळई कापतो. स्लॅब पडतो, शटरिंग निघतं, आणि मग प्लंबरला कळतं की पाइपच्या वाटेत बीम आला आहे. ब्रेकर लागतो. बिलाच्या वेळी तो ‘एक्स्ट्रा आयटम’ कोणाच्या माथी मारायचा, यावर दोन महिने पत्रापत्री चालते.

बिम, म्हणजे इमारतीचं डिजिटल मॉडेल, नेमकं इथे उपयोगी पडतं. या विचाराचा पाया अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ च्या सुमारास घातला. इमारत कागदावरच्या रेघांत न मांडता भिंत, खिडकी, बीम अशा वस्तूंत मांडायची आणि प्रत्येक वस्तूला तिचं माप व माल जोडायचा. मॉडेलमध्ये संडास सरकवला की प्लॅन, सेक्शन आणि मोजमापं एकाच वेळी बदलतात. पाइप बीमवर आदळत असेल तर तपासणीत ते स्क्रीनवरच दिसतं, स्लॅब पडायच्या आधी. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या पैशांतून होणाऱ्या कामांना ही पद्धत बंधनकारक केली.

एवढं लांब कशाला जायचं? नागपूर मेट्रोने सुरुवातीपासूनच ‘फाइव्ह-डी बिम’ स्वीकारलं. तीन मिती आकाराच्या, चौथी वेळेची, पाचवी खर्चाची. त्यासाठी मॉडेल, कामाचं वेळापत्रक आणि हिशेबाची सॅप प्रणाली एकमेकांना जोडली गेली. त्याच शहरात वर्धा रोडवर मेट्रोचा मार्ग आणि महामार्ग प्राधिकरणाचा उड्डाणपूल एकाच जागेवर येत होते. दोन वेगळे पूल न बांधता एकाच खांबावर दोन्ही घ्यायचं ठरलं. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची नोंद पुढे गिनीज बुकात झाली. हा निर्णय माणसांनी घेतला, संगणकाने नव्हे. पण असा निर्णय झाला की पाया, खांब, स्टेशनं, मुदत, खर्च सगळंच हलतं, आणि ते एकत्र दिसल्याशिवाय सही करणारा माणूस डोळे झाकूनच सही करतो.

मॉडेल म्हणजे जादूची कांडीही नव्हे. आपल्याच जिल्ह्यातला पूर्णा नदीवरचा जिगाव सिंचन प्रकल्प पाहा. मूळ अंदाज सुमारे ६९८ कोटींचा. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘सुप्रमा’, घेत घेत आकडा १३ हजार कोटींच्या वर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेले दर यांवर कोणतंही सॉफ्टवेअर उतारा देणार नाही. मात्र ‘सुप्रमा’च्या जाडजूड फायलीत कोणत्या बदलाने किती कोटी वाढले हे सामान्य माणसाला शोधूनही सापडत नाही. मला तीच खरी दुखती नस वाटते.

महागडं सॉफ्टवेअर छोट्या ठेकेदाराने कुठून घ्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण आयएफसी या खुल्या स्वरूपातली फाइल पाहायला फुकटचे व्ह्यूअर मिळतात. मॉडेल करणारा एक असला तरी पाहणारे दहा असू शकतात, आणि त्या दहांत सेंटरिंगवाला व प्लंबर असायलाच हवेत. शाखा अभियंत्याच्या मंजुरीशिवाय मॉडेल बदलणार नाही आणि मॉडेलमध्ये नसलेला बदल साइटवर होणार नाही, एवढी शिस्त पाळली नाही तर ते नुसतं रंगीत चित्र उरतं.

तेव्हा डोणगाव परिसरातल्या ग्रामपंचायती, शाळा आणि संस्थांना या व्यासपीठावरून विनंती आहे: पुढच्या इमारतीची निविदा काढाल तेव्हा प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचं मॉडेल आणि मंजूर बदलांची तारीखवार नोंद मालकाच्या ताब्यात देण्याची अट करारात घाला, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.