ऐकून घेणारा शास्त्रज्ञ
(उमापूर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निसर्गशास्त्रज्ञ माधवराव गाडगीळ यांचा जन्म १९४२ साली पुण्यास झाला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी संपादून ते मायदेशी परतले आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमले. त्याच दशकात कारवारकडील रानांतला बांबू का घटतो याचा शोध त्यांनी घेतला. कागद-गिरणीची माणसे बांबूच्या बेटांभोवतीचे काटे तोडीत; त्याने वाढ सुधारते असा तज्ज्ञांचा समज होता. गावकरी मात्र म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब गुरे व वानरे खाऊन टाकतात. गाडगीळांनी रानात पाहणी केली, तेव्हा गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले.

गावाच्या ज्ञानावरील या विश्वासातूनच त्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीचा पुरस्कार केला. २००२ च्या कायद्यान्वये तिचे काम गावोगावच्या समित्यांकडे आले.

आपल्या गेवराई तालुक्यात पाऊस बेभरवशाचा. ज्वारीचा कोणता वाण पाण्याचा ताण सोसतो, बांधावरचे कोणते झाड माती धरून ठेवते, हे आपल्या आजीआजोबांना ठाऊक आहे. हवामान पालटत असता ही पुंजी त्यांच्याबरोबरच चितेवर जावी काय? आपल्या विद्यार्थ्यांनी या सुटीत वही घेऊन वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि ऐकलेले ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत पोचवावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.