एकाच कारखान्यातील दोन मोटारी

जुन्या मोटारींची तुलना करावयाची म्हटले की एका कंपनीच्या गाडीशेजारी बहुधा दुसऱ्या कंपनीची गाडी उभी केली जाते. आज मी एकाच घरातील दोन बहिणींविषयी बोलणार आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात थोरली अ‍ॅम्बॅसेडर १९५७-५८ मध्ये, तर धाकटी काँटेसा १९८४ साली तयार होऊ लागली. आजोळ मात्र दोघींचेही इंग्लंडच! थोरली मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली, धाकटी व्हॉक्सहॉलवरून.

अ‍ॅम्बॅसेडरचे छत उंच. आत बसताना पागोटे सांभाळावे लागत नसे. पुढचे आसन अखंड बाकासारखे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे चालकाशेजारी दोघे सहज मावत. मागच्या चाकांवर पोलादी पाटे असल्याने लग्नाचे वऱ्हाड, सामानसुमान, सारे काही ती वाहून नेई. स्टिअरिंग जड, हे खरे. परंतु आडगावचा मिस्त्रीही तिचे इंजिन निःशंकपणे उघडी.

काँटेसा हिच्याहून वीतभर लांब आणि ठेंगणी. पुढील आसने स्वतंत्र, चाकांना पाट्यांऐवजी वेटोळ्याच्या स्प्रिंगा. सपाट रस्त्यावर प्रवास मोठा सुखाचा. मग उणे कोठे राहिले? बॉनेटखाली! या भारदस्त गाडीत आरंभी थोरलीचेच १४८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन बसविले होते. आंबोलीसारख्या घाटात भरल्या गाडीनिशी त्या इंजिनाची काय अवस्था होत असेल, ते निराळे सांगावयास नको. इकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली होती आणि थोड्या पेट्रोलात चपळ गाडी मिळते, हे लोकांना कळून चुकले होते.

पुढे इसुझू या जपानी कंपनीच्या रचनेचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा कोठे काँटेसा आपल्या रूपाला शोभेशी धावू लागली. स्वतः चालविण्यासाठी निवड करावयाची झाल्यास मी ही इसुझूची काँटेसाच पसंत करीन. पण तोवर उशीर झाला होता. २००२ साली तिचे उत्पादन थांबले.

गंमत अशी, की १९९० नंतरच्या दशकात तेच इसुझू इंजिन अ‍ॅम्बॅसेडरलाही देण्यात आले. पूर्वी धाकटीने थोरलीचे वापरले, आता थोरलीने धाकटीचे घेतले. आणि सरकारी कचेऱ्या व कलकत्त्याच्या टॅक्सी यांच्या आधारावर ती २०१४ च्या मेपर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिली.