छप्पर राखावयाचे तर: मोफत कायदेसाह्याविषयी दोन शब्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवर-परिचय व जमाखर्च यांस आपण प्रतिवर्षी वेळ देतो. आज थोडा वेळ आम्ही निराळ्या विषयासाठी मागून घेत आहोत. डोक्यावरचे छप्पर जाण्याची पाळी आली असता गरिबाने कोणाकडे जावे, हा तो विषय. तो निवडण्याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक होय. ती कबूल केल्यावाचून पुढे बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका खेड्यातील आपल्या समाजाची एक विधवा भगिनी मंडळाकडे आली. पती निवर्तल्यावर दिरांनी राहते घर सोडण्याचा तगादा लावला होता. घरचे भांडण वेशीवर टांगू नये, या भावनेने आम्ही दोन्ही पक्षांस एकत्र बसविले, तिला काही रक्कम देवविली आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याचा सल्ला दिला. तंटा मिटविल्याच्या समाधानात आम्ही घरी परतलो. रक्कम मुलांच्या शिक्षणात व दुखण्याखुपण्यात संपली. ती भगिनी आज परभणीत एका खोलीत भाड्याने राहते. पुढे वकिलास विचारले तेव्हा कळले की, पतीच्या हिश्श्यात तिचा वारसाहक्क होताच. परंतु दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. आमचा हेतू चांगला होता. पण तिचे घर गेले ते गेलेच.

तिला जो सल्ला हवा होता तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य मिळत होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ घातले गेले आणि गरिबीमुळे कोणी न्यायास वंचित राहू नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. जिल्हा न्यायाधीश हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तालुक्यांसाठी तालुका विधी सेवा समित्या आहेत.

हे साह्य कोणास मिळते? स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांस उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे आणि सामान्यतः प्रतिज्ञापत्र पुरते. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यात ज्यांची घरे पडली, त्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. वकिलाचे शुल्क, न्यायालयीन शुल्क, अर्जांचा मसुदा, नकला यांचा भार पक्षकारावर पडत नाही. दावा लागलेलाच असावा असेही नाही. नुसता सल्लाही मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारणा करता येते.

आता भाड्याच्या घरांविषयी. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता व पुढेही बराच काळ येथे हैदराबादचा १९५४ चा भाडेविषयक कायदा चाले. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. तो लागू आहे तेथे, थकबाकीसाठी घरमालकाने लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस लोटल्यावाचून ताब्याचा दावा लावता येत नाही. योग्य कारणावाचून पाणी वा वीज तोडता येत नाही. भाड्याची पावती दिलीच पाहिजे, आणि करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. आपल्यांत भाडेकरू आहेत तसे घरमालकही आहेत. म्हणून हे दोघांनीही ऐकावे.

भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगतो. राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री-वारसांस आडकाठी करणारे हिंदु उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २३, ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाबरोबरीचा आहे.

आपसांत मिटवावयाचेच असेल तर लोकअदालत आहे. तेथे फी नाही. न्यायालयात भरलेले शुल्कही परत मिळते. मात्र तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील नाही. म्हणून तेथेही आधी वकिलाशी बोलावे, मग सही करावी.

मध्यस्थी हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. तो सोडावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु यापुढे घरादाराच्या कोणत्याही कागदावर, विशेषतः एखाद्या भगिनीची, सही घेण्यापूर्वी तो कागद तिच्यासह विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलास दाखवावा आणि मंडळाच्या एका कार्यकर्त्याने तिच्यासोबत जावे, असा ठराव या सभेने करावा, अशी आमची विनंती आहे. पहिली खेप आम्ही घालू. जिचे घर आम्हांस राखता आले नाही, तिचे ऋण याहून अन्य मार्गाने फेडणे आता आमच्या हाती नाही.