बाळाची वाट हाडांतून जाते



'बाई अडली' म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण ती अडते कुठं, असं विचारा. बहुतेक जण पोटाकडे बोट दाखवतील. वाट खरोखर अरुंद असते ती पोटाच्या खाली, हाडांमध्ये.

दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहा. हाताला लागतात ती कमरेची दोन रुंद हाडं. पुढं ती ओटीपोटाच्या खाली एकमेकांना भिडतात. मागं त्या दोहोंमध्ये कण्याचं शेवटचं टोक पाचरीसारखं ठोकलेलं असतं. पाच मणके जुळून झालेलं त्रिकास्थी, आणि त्याच्या खाली माकडहाड. बूड नसलेल्या घमेल्यासारखा हा सांगाडा आहे. पुस्तकात त्याला श्रोणी म्हणतात.

या घमेल्याची दोन तोंडं सारखी नाहीत. वरचं तोंड आडवं रुंद, सुमारे १३ सेंटिमीटर. पुढून मागं ते ११च. खालचं तोंड मात्र पुढून मागं अधिक मोकळं. म्हणून बाळ सरळ खाली येत नाही. ते कुशीकडे तोंड करून आत शिरतं आणि वाटेत वळून आईच्या पाठीकडे तोंड करतं. बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. जागा किती बेताची आहे, पाहा! कासार बांगडी भरताना अंगठा आत दुमडतो, हात दाबतो, वळवतो, तेव्हा कुठं बांगडी चढते. बाळही हनुवटी छातीला टेकवून डोकं लहान करतं. त्याच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. ती थोडी एकावर एक सरकतात. आईच्या हाडांचे सांधेही गरोदरपणात जरा सैल होतात. निसर्गानं एवढी सोय केली आहे. पण हाडच लहान असेल, तर कासारानं काय करावं?

गुरुजी, बाई, हे तुमच्यासाठी आहे. मुलीला पाळी आली म्हणजे ती आई व्हायला तयार झाली, असं घरोघर समजतात. ते बरोबर नाही. उंची वाढायची थांबत आली, तरी कमरेच्या हाडांची वाढ पुढं चालू राहते. नववी-दहावीतल्या मुलीची वाट अजून पुरती तयार नसते. लहानपणी मुडदूस झाला असेल, तर हाड वाकडंही होतं. लग्नाला अठरा वर्षं पुरी हवीत, हा कायदा आहेच. हाडांचंही मागणं त्याहून कमी नाही. मुलींची उंची शाळेत मोजता, ती नोंद जपून ठेवा. १४० सेंटिमीटरहून कमी उंचीची गरोदर बाई जोखमीची धरतात. तिचं बाळंतपण, पहिलं असो की तिसरं, घरी करू नये.

बाई अडली, की कुणीतरी पोटावर जोर देतं, कुणी कळा वाढवणारं इंजेक्शन आणून टोचतं. वाट हाडानं बंद असताना मागून जोर लावला, तर हाड हटत नाही, पिशवी फाटते. आई आणि बाळ दोघंही जातात. फार वेळ डोकं अडकून राहिलं, तर लघवीच्या पिशवीला भोक पडतं. मग बाई जगते, पण लघवी सतत गळत राहते आणि ती चारचौघांत बसेनाशी होते. असल्या बायकांची गणती कुणी चारचौघांत करत नाही.

झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या कोलाम पोडावरून निघालं, की पांढरकवड्यापर्यंत येण्यातच वेळ जातो; तिथून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणखी सत्तरएक किलोमीटर. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, तर तोही हिशेब चुकतो. म्हणून नववा महिना लागताच आशाताईंशी बोलून ठेवा: गाडी कुणाची, सोबत कोण, पैसे कुठं. जोरदार कळा सुरू होऊन बारा तास झाले आणि बाळ पुढं सरकत नसेल, किंवा आधीच हात-पाय बाहेर दिसला, तर दाईची, सासूची, कुणाचीही वाट न पाहता १०८ला फोन करा.