कमी पाण्यात हिरवं अंगण

सोलापूर, लातूरसारख्या भागात ऐन उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची, तर सतत पाणी घालावं लागतं. त्याऐवजी अंगणात कोरफड, घायपात, पानफुटी लावून पाहा. यांची मांसल पानं पाणी साठवतात. पानांवरची रंध्रंही मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून भर उन्हात पाणी फारसं उडून जात नाही.

मोकळी जमीन झाकायला चिनी गुलाब, म्हणजे आपलं ‘ऑफिस टाइम’, उत्तम. बोटभर फांदी मातीत खोचली की मुळं धरते आणि ऊन चढलं की गुलाबी, पिवळी, केशरी फुलं उमलतात. झाकलेली जमीन कमी तापते, तणही कमी येतं.

या झाडांना खरा धोका साचलेल्या पाण्याचा. काळ्या मातीत ती थेट लावू नका. वीतभर उंच वाफा करा, मातीत निम्मा बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. लागवड पावसाळा ओसरल्यावर करा. मुळं धरल्यानंतर, माती पूर्ण सुकली तरच पाणी द्या. घायपाताची टोकं अणकुचीदार असतात, तेव्हा तो मुलांच्या वाटेपासून दूर लावा. यंदा दिवाळीच्या आसपास एका वाफ्यापासून सुरुवात जरूर करा.