हुदहुदचा निरोप

लखनौसारख्या शहरात बसून समुद्रावरील चक्रीवादळांविषयी बोलावे, हे श्रोत्यांपैकी काहींना विचित्र वाटण्याचा संभव आहे. येथून समुद्र आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. गोमतीच्या काठी वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी ठाऊक असते ती पुस्तकातून. वादळ म्हणजे त्याच्या लेखी उन्हाळ्यातील धुळीची आंधी. ती तासाभरात येते, आमराईतल्या कैऱ्या पाडते आणि निघून जाते. समुद्रावरचे वादळ ही कोकणची, ओरिसाची, आंध्रची चिंता, आपली नव्हे, असा येथला समज आहे. देशावरील आणि वऱ्हाडातील आपला समजही याहून फारसा वेगळा नसेल. तो कितपत खरा आहे, हे आज थोडे तपासून पाहू.

आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला मोसमी पाऊस येण्यापूर्वीचा, म्हणजे साधारणतः एप्रिल ते जून. दुसरा तो परतल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात समुद्र तापलेला असतो, हवेत बाष्पही भरपूर असते. परंतु खालचे वारे एका दिशेने आणि वरचे दुसऱ्या दिशेने वेगाने वाहत असल्यामुळे वादळाचा मनोरा उभा राहण्यापूर्वीच मोडून पडतो. त्या काळात निर्माण होतात ते बहुधा कमी दाबाचे पट्टे, आणि उत्तर प्रदेशाच्या शेतीला पाणी मिळते ते पुष्कळसे त्यांच्याच कृपेने.

वादळाचे इंधन म्हणजे कोमट समुद्राची वाफ. पाण्याचे तापमान सुमारे साडेसव्वीस अंशांच्या वर गेले, की वर चढणाऱ्या वाफेचे ढग होताना जी उष्णता मोकळी होते, तिच्यावर हे प्रचंड चक्र फिरू लागते. फिरणाऱ्या पृथ्वीमुळे त्याला वळण मिळते, आणि आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. इंग्रजीतील ‘सायक्लोन’ हा शब्दही आपल्याच देशात घडला. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी 1848 साली, सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून, तो योजला.

वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरपर्यंत पोहोचला, की वादळाला नाव मिळते. ही नावे भोवतालच्या देशांनी सुचविलेली असतात. 2014 सालच्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात जे वादळ उठले, त्याला ओमानने दिलेले नाव होते ‘हुदहुद’. लखनौच्या उर्दूला हा शब्द परका नाही. हिरवळीवर चोच खुपशीत फिरणारा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा मिरविणारा तो पक्षी येथील बागांतून नेहमी दिसतो. सुलेमान बादशहाला दूरदेशीची वार्ता आणून देणारा पक्षी म्हणून मुस्लिम परंपरेत त्याला मान आहे.

12 ऑक्टोबर रोजी हे वादळ विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 170 किलोमीटरांवर गेला होता. शहराची फार मोठी हानी झाली; परंतु सूचना अगोदरच मिळाल्यामुळे लाखो माणसे सुरक्षित स्थळी गेली होती, आणि त्या मानाने प्राणहानी कमी झाली. वर्तमानपत्रांतून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वादळ संपले, असे सर्वांना वाटले.

ते संपले नव्हते. जमिनीवर आल्यावर वादळाचे इंधन तुटते, डोंगर-झाडांच्या घर्षणाने वारा मंदावतो, हे खरे. पण त्याने पोटात साठविलेली वाफ एका दिवसात कोठे जाणार? वेग 62 च्या खाली उतरला, म्हणून हवामानशास्त्राच्या हिशेबी ते आता केवळ न्यून दाबाचे क्षेत्र राहिले होते. तेच क्षेत्र छत्तीसगडावरून उत्तरेकडे सरकत 14 ऑक्टोबरला पूर्व उत्तर प्रदेशावर येऊन पोहोचले. कोजागरी होऊन जेमतेम आठवडा झालेला, भाताचे पीक कापणीला आलेले, आकाश निरभ्र असण्याचे ते दिवस. अशा वेळी मुसळधार पाऊस झाला. उभी पिके आडवी झाली आणि माणसेही दगावली. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी त्या बाष्पाला हिमालयात ओढून नेले. त्याच दिवशी नेपाळातील अन्नपूर्णेच्या परिसरात, साडेपाच हजार मीटरांच्या आसपास उंच असलेल्या थोरोंग खिंडीत, त्याचे हिमवादळ झाले. ऑक्टोबर हा तेथे पदयात्रेचा हंगाम. चाळीसहून अधिक माणसे त्या बर्फाने आणि हिमलोटांनी घेतली.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे ती ही. ज्या किनाऱ्यावर वादळ पूर्ण जोमात होते, तेथील माणसे सावध होती. ज्या डोंगरात ते क्षीण होऊन पोहोचले, तेथील माणसे निश्चिंत होती. वादळाचे नाव किनाऱ्यापलीकडे गळाले, आणि नावाबरोबर आपली सावधगिरीही गळाली.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. 2019 साली अरबी समुद्रात एका वर्षात पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी ऑक्टोबरातले ‘क्यार’ अत्यंत प्रबळ. पण ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याला टेकलेच नाही, पश्चिमेकडे निघून गेले. तरीही त्याच्या आणि पाठोपाठ आलेल्या ‘महा’ या वादळाच्या सुमारास पडलेल्या अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन शेतात कुजले, द्राक्षबागांचे नुकसान झाले. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या उन्मळून पडल्या. माणसे पुष्कळशी वाचली. पण आजोबांनी लावलेली पोफळ पुन्हा फळास येण्यास किती वर्षे लागतात, हे वाडीवाल्यालाच ठाऊक.

सूचनेचे महत्त्व किती, हे ओरिसाने दाखवून दिले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. 2013 साली ‘फायलिन’ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले, आणि मृतांची संख्या काही दशकांवरच राहिली. समुद्र तोच, किनाराही तोच. अंतर पडले ते वेळेवर पोहोचलेल्या आणि मनावर घेतलेल्या निरोपाचे.

असा निरोप आता आपल्या गावापर्यंतही येतो. येथे अमौसीला हवामान केंद्र आहे, तसे मुंबई-नागपूरलाही आहे. जिल्ह्याजिल्ह्यासाठी पिवळे, नारिंगी, तांबडे इशारे दिले जातात. त्यांत वादळाचे मोठे नाव नसते, केवळ ‘काही ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ एवढेच साधे वाक्य असते. म्हणूनच ते आपल्या कानांवरून जाते. कापलेले भात दोन दिवस आधी उचलून झाकणे, कच्च्या भिंतीच्या आडोशाला न निजणे, घाटातला प्रवास एक दिवस पुढे ढकलणे, यांपैकी एकाही गोष्टीला फार खर्च लागत नाही; लागतो तो विश्वास.

बागेत तुरा उभारून फिरणारा हुदहुद दिसला, म्हणजे मला आता ते ऑक्टोबराचे दिवस आठवतात. आठशे किलोमीटरांवरचा समुद्र त्या दिवशी या प्रांताच्या माथ्यावर आला होता, आणि आम्ही त्याला अवेळीचा पाऊस म्हणत होतो. पुढच्या खेपेस तरी आपण त्याला ओळखावे, एवढेच आज सांगावयाचे होते.