सोळाव्या वर्षी मानसशास्त्र

दहावीचा निकाल लागला, की घरोघरी अकरावीच्या विषयांची वाटाघाट सुरू होते. कला शाखेकडे वळणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं ‘मी मानसशास्त्र घेणार’ असं म्हटलं, की वडील माणसं दोन प्रश्न विचारतात. ते घेऊन पुढे काय? आणि दुसरा, जरा चेष्टेनं, म्हणजे आता तू आमची मनं ओळखणार की काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज तुमच्यापुढे ठेवावीत असा विचार आहे.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. चेहरा पाहून मनातलं ओळखण्याची विद्या म्हणजे मानसशास्त्र नव्हे. १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी या विषयाची प्रयोगशाळा काढली. मनाविषयी काही म्हणायचं, तर ते कशावरून म्हणता हे दाखवलं पाहिजे, असा या शास्त्राचा दंडक आहे.

उदाहरण घ्या. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या ते पाठ करीत, आणि काही काळानं त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजीत. त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध झाले. पाठ केलेलं तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटतं. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. शिवाय, एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांत साधलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्यांनी हा हिशेब जरूर ध्यानात घ्यावा!

पण इथेच एखादा चौकस विद्यार्थी हात वर करतो. ‘सर, हा तर एकाच माणसाचा अनुभव, आणि तोही निरर्थक अक्षरांचा. इतिहासाच्या धड्याला तो लागू कशावरून?’ हा प्रश्न सुचला, की विषय कळू लागला असं मी समजतो. विस्मरणाचा तो प्रयोग अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी पुन्हा केला, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आलेख बराचसा तसाच निघाला. अर्थपूर्ण मजकूरही विभागून वाचल्यास अधिक टिकतो, हे इतरांनी पडताळून पाहिलं आहे.

बुद्धिमापनाची गोष्टही अशीच. शाळेत ज्यांना विशेष मदत हवी अशी मुलं ओळखण्यासाठी बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये कसोटी तयार केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. नुसतं भाषांतर का पुरलं नसतं? पॅरिसच्या मुलाला जे ओळखीचं, ते धारवाडच्या मुलाला ओळखीचं असेलच असं नाही. म्हणून इथल्या मुलांवर ती पारखून घ्यावी लागते. एवढं ज्याला समजलं, तो एका आकड्यावरून धाकट्या भावाला ‘ढ’ म्हणणार नाही.

या विषयात एक धोकाही आहे, तो लपवू नये. मनोविकारांचं प्रकरण सुरू झालं, की वर्गात निदानांची साथ येते! अबोल मैत्रिणीला डिप्रेशन, टापटिपीच्या काकूंना ओसीडी. दोन पानं वाचून दुसऱ्याच्या कपाळी शिक्का मारू नये. मात्र वाचता वाचता स्वतःचंच दुखणं समोर आल्यासारखं वाटलं, तर गप्प बसू नका. शिक्षकांना सांगा, घरच्यांना सांगा. ते अवघड वाटत असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

आता राहिला ‘पुढे काय?’ हा प्रश्न. स्पष्टच सांगतो, बारावीच्या मानसशास्त्रानं कोणी समुपदेशक होत नाही. त्यासाठी बी. ए., एम. ए. आणि प्रत्यक्ष कामाचं शिक्षण घ्यावं लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी हवी. उलट, बारावीला हा विषय नसला तरी बी. ए.ला तो बहुधा घेता येतो.

मग सोळाव्या वर्षी तो का घ्यावा? कारण या वयात राग, भीती, मैत्री, स्पर्धा ही सारी प्रकरणं पुस्तकाबाहेर चालूच असतात. ‘मी असाच आहे’ असं म्हणून मुलं स्वतःविषयीचा निकाल घाईनं लावून टाकतात. ‘कशावरून?’ असा प्रश्न त्या वेळी स्वतःला विचारता आला, तर दोन वर्षं सत्कारणी लागली म्हणायची.

तेव्हा पालकहो, मुलांनी हा विषय मागितला तर लगेच नको म्हणू नका. आणि मुलांनो, तो सोपा आहे असं ऐकून घेऊ नका. तो सगळीकडे शिकवला जात नाही, म्हणून आधी महाविद्यालयात चौकशी करा. बालभारतीचं पाठ्यपुस्तक मिळवून एक प्रकरण वाचा, आणि ते बंद करून त्यातलं किती आठवतं ते तासाभरानं लिहून पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवून असं का झालं याची उत्सुकता वाटली, तर अर्जात हा विषय खुशाल लिहा.